मला तर दिसतंय!

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘दुसरा मजला’. वरळीच्या बीडीडी चाळीत एकाच मजल्यावर वाढलेली नऊ माणसं त्यात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोल्या, मधून जाणारा लांबलचक पॅसेज, सामायिक संडास. आमचे बाप बहुतेक गिरणीत. साचाखात्यात आयुष्य काढलेली माणसं घरीही ओरडूनच बोलायची, कारण मागांच्या खडखडाटाने कान गेलेले. आता त्या मजल्यावर आमच्यातलं कुणीच राहत नाही. बंड्या भांडुपला, मास्तर डोंबिवलीत (खराखुरा मास्तर, दहावीच्या गणिताचे क्लास घेतो), सुलू विरारला, छोटू कल्याणला, आणखी तिघं इकडेतिकडे, आणि एक न्यू जर्सीत. त्याचं मूळ नाव आम्ही विसरलो. गेली वीस वर्षं तो नुसता ‘अमेरिका’ आहे. मी प्रभादेवीत राहतो आणि एका छोट्या कंपनीत लॅपटॉप आणि नेटवर्क सांभाळतो. म्हणजे ज्याला घरचे-दारचे सगळे ‘जरा बघ ना, उघडत नाहीये’ म्हणून फोन करतात तो मी. टोपणनावं इथे बदलली आहेत. बंड्याला विचारूनच लिहितोय.

प्रकरण एवढंच की १९९१ च्या गणेशोत्सवात आम्ही बसवलेल्या नाटकाची व्हीएचएस टेप बंड्याच्या माळ्यावर सापडली. नाटक मास्तरने लिहिलेलं, कामं आमचीच, शूटिंग लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका माणसाने जेवणाच्या बोलीवर केलेलं. ती सगळ्यांनी एकत्र बघायची ठरली. विरार, कल्याण आणि न्यू जर्सी एका खोलीत आणणं शक्य नव्हतं, म्हणून ऑनलाइन. बंड्या यजमान, बाकी आम्ही पाहुणे. यात अवघड काय, असं तेव्हा वाटलं होतं. तीन रविवार लागले.

पहिला रविवार

ऑगस्टमध्ये टेप दादरच्या एका दुकानात दिली होती. मुंबईच्या दमट हवेत तीस-पस्तीस वर्षं पडून राहिलेल्या टेपला पांढरी बुरशी धरते. ती साफ न करता प्लेअरमध्ये घातली तर टेपही जाते आणि प्लेअरचं हेडही. दुकानदाराने महिना मागितला. तोवर रंगीत तालीम म्हणून एखादा सिनेमा बघू, असं बंड्याने ठरवलं. ओटीटीचं सबस्क्रिप्शन त्याच्याकडे होतं. चाळीत टीव्ही एकाच्या घरी आणि प्रेक्षक चाळीस असायचे, तसंच हे, असा त्याचा हिशेब.

रात्रीचे नऊ, बाहेर धो धो पाऊस, न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा. गूगल मीटची लिंक आली, आम्ही आत गेलो, बंड्याने सिनेमाचा टॅब शेअर केला. पार्श्वसंगीत खणखणीत ऐकू येत होतं. चित्राच्या जागी काळाकुट्ट चौकोन, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत सबटायटल सरकतायत. दोन मिनिटं आम्ही सगळे शहाण्यासारखे गप्प बसलो. सिनेमाची सुरुवातच अंधारात असेल, असं प्रत्येकाला वाटलं. मग सुलू म्हणाली, “बंड्या, लाइट कधी लागणार रे यांच्या घरातले?”

“कसले लाइट? समुद्र दिसतोय की. मला तर दिसतंय!”

हे वाक्य त्यानंतर आमच्यात म्हणच होऊन बसलं.

झालं होतं ते असं. ओटीटीवाले सिनेमा कुलूप लावून पाठवतात. क्रोममध्ये त्या कुलपाचं नाव वाइडवाइन. कुलूप बघणाऱ्याच्या लॅपटॉपवर उघडतं खरं, पण उघडलेलं चित्र ग्राफिक्सच्या एका राखीव वाटेने थेट पडद्यावर जातं. स्क्रीन शेअर म्हणजे शेवटी पडद्याचे भराभर फोटो काढून पाठवणं. ते काढणाऱ्या सॉफ्टवेअरला या वाटेत डोकावता येत नाही, म्हणून त्या जागी त्याच्या हाती काळा चौकोन लागतो. सबटायटल मात्र ब्राउझर वरून वेगळी चिकटवतो, म्हणून ती दिसतात. बंड्याच्या डोळ्यांसमोर समुद्र आणि आमच्यासमोर अंधार, दोन्ही खरं.

यावर ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा’ हा तोडगा सगळीकडे फिरतो. मला तो माहीत आहे आणि बंड्याला मी तो दिला नाही. सबस्क्रिप्शन एका घरासाठी असतं, आणि काळा चौकोन चुकून आलेला नसतो, मुद्दाम ठेवलेला असतो. ज्यांना खरंच असा सिनेमा एकत्र बघायचा आहे त्यांच्यासाठी टेलिपार्टीसारखं एक्स्टेन्शन आहे. पूर्वी त्याचं नाव नेटफ्लिक्स पार्टी होतं. त्यात प्रत्येकाला आपापलं खातं लागतं. चित्र कुणी कुणाला पाठवत नाही. एकाने थांबवलं की सगळ्यांचं थांबतं, एकाने पुढे नेलं की सगळ्यांचं पुढे जातं. कीर्तनात टाळ ज्याच्या-त्याच्या हातात असतो, ठेका तेवढा एक, तसं. आमच्या नऊ जणांत खाती होती तीन. विषय मिटला, आम्ही तासभर गप्पा मारल्या आणि उठलो.

बंड्याने मात्र आपला निष्कर्ष काढला: ॲपच भिकार आहे, पुढच्या वेळी झूम.

दुसरा रविवार

अनंत चतुर्दशी झाली आणि दुकानदाराने पेनड्राइव्ह दिला. साडेतीन जीबीची एमपी-फोर फाइल, एक तास बेचाळीस मिनिटांची. फाइल आपली, लेखक आपला, कुलपाचा प्रश्न नाही.

यावेळी पहिली दहा मिनिटं हजेरीत गेली. चौकटींवर नावं होती ‘रेडमी नोट ९’, ‘गॅलेक्सी ए१२’ आणि एक नुसतंच ‘आयफोन’. आयफोन म्हणजे अमेरिका असणार हे सगळ्यांनी धरून टाकलं. मास्तर त्याला पाच मिनिटं तिकडच्या थंडीबद्दल विचारत होता. कॅमेरा सुरू झाला तर ती सुलू. मुलाचा फोन घेऊन बसलेली. हे हसण्यावारी गेलं, पण अनोळखी नाव आत घ्यायचं की नाही हे यजमानाला अशाच वेळी ठरवावं लागतं. २०२० मध्ये लोकांच्या झूम बैठकांत भलतेच घुसून धिंगाणा घालायला लागले, तेव्हापासून पासकोड आणि बाहेरची ‘वेटिंग रूम’ आपोआप चालू असते. तिचा उपयोग तेव्हाच, जेव्हा बाहेर उभा असलेला स्वतःचं नाव सांगतो.

मग नाटक सुरू झालं. पडदा वर गेला आणि एकोणीस वर्षांचा छोटू धोतर सावरत रंगमंचावर आला. तोंड हलतंय, आवाज नाही.

“बंड्या, आवाज!”

“मला तर ऐकू येतंय!”

झूममध्ये स्क्रीन शेअर करताना जी खिडकी उघडते तिच्या तळाशी ‘शेअर साउंड’ची बारकी चौकट असते. ती टिक केली नाही तर चित्र जातं, आवाज शेअर करणाऱ्याच्याच घरी राहतो. मी ते सांगेपर्यंत बंड्याने स्वतःचा इलाज केला होता. लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवला आणि माइक चालू ठेवला. स्पीकरमधून बाहेर, माइकमधून आत. “आता येतोय ना?” येत होता. संवाद कळत होते. आम्ही म्हटलं चालू दे, परत थांबायला नको.

ही मोठी चूक होती आणि तिच्यात मीही सामील होतो. माइकवरून आलेल्या आवाजातून माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं आणि पंखा, कुकरची शिट्टी, बाहेरचं कुत्रं हे सगळं पुसून टाकायचं, असं या ॲपना शिकवलेलं असतं. कामाच्या बैठकीत ते वरदान आहे. नाटकाच्या टेपला त्याने झाडू मारला. पेटी गेली. ढोलकीच्या जागी अधूनमधून कुणीतरी पत्र्यावर बोट आपटल्यासारखं वाजत होतं. मांडवात तेव्हा तीनेकशे माणसं तरी असतील, पोरांचा कालवा, बायकांचं हसणं, टाळ्या, शिट्ट्या. त्यातलं आमच्यापर्यंत काही पोचलं नाही. पात्रं रिकाम्या गोदामात बोलावं तशी बोलत होती. “आपण इतके वाईट होतो?” मास्तरने विचारलं. विनोदाची वाक्यं येत होती आणि त्यांच्यामागे शांतता पसरत होती. लेखकाला याहून मोठी शिक्षा नाही.

चित्राची तऱ्हा वेगळीच. जुनी टेप सेकंदाला २५ चित्रांची. स्क्रीन शेअर मुळात एक्सेलचे तक्ते आणि सादरीकरणं दाखवायला बनलेलं, त्यामुळे काही वेगळं सांगितलं नाही तर त्याचा कल अक्षरं सुबक ठेवण्याकडे असतो. हालचाल अडखळली तरी त्याला चालतं. छोटू रंगमंचाच्या या टोकाला दिसायचा, मग एकदम त्या टोकाला. झूममध्ये यासाठीही ‘शेअर साउंड’च्या शेजारीच ‘ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप’ अशी चौकट असते. ती टिक केली की अक्षरांची सुबकता थोडी सोडून हालचाल सांभाळली जाते. दोन्ही चौकटी एकाच ओळीत, आणि दोन्ही रिकाम्या.

अडखळण्याचा थोडा दोष इंटरनेटचाही होता. “शंभर एमबीपीएस घेतलंय मी,” बंड्या म्हणाला. ते शंभर खाली यायचे, वर जायचे नव्हेत. चाचणी करायला लावली तर आतल्या खोलीतून, दोन भिंतींपलीकडच्या राउटरवरून, अपलोड मिळत होता जेमतेम दोनच्या आसपास, तोही वर-खाली. बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरी वायफाय, २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल असतात तीन, आणि त्यांच्यावर त्या मजल्यावरची सगळी घरं. दादरचा जिनाच. छोटूचं म्हणणं पडलं की नऊ जणांना पाठवायचं म्हणजे नऊपट लागणार, सोडून द्या. तसं नसतं. झूम काय किंवा मीट काय, यजमान एकदाच पाठवतो ते मधल्या सर्व्हरला, आणि सर्व्हर प्रत्येकाला वाटतो. प्रेक्षक वाढले म्हणून बंड्याचा भार वाढत नाही. त्याच्याकडून निघालेली पहिली प्रतच खराब असेल तर मात्र सगळ्यांना खराब मिळते.

पाच सेकंद

अर्धा तास झाला असेल. बंड्याने खिडकी किंवा टॅब न देता अख्खा डेस्कटॉप शेअर केला होता. व्हॉट्सॲप वेब मागे उघडं. नाटकात सावकार हप्ता मागायला येतो तो प्रवेश चालू होता (योगायोग असे घाणेरडे असतात), आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक पट्टी वर सरकली. त्याच्या मुलीचा निरोप.

“पप्पा, कॉलेजचा मेल आलाय. फीचा चेक परत गेला म्हणे. काय सांगू?”

विंडोजची अशी पट्टी काही बदललं नसेल तर पाच सेकंद राहते. पाच सेकंद म्हणजे किती हे मला त्या दिवशी कळलं. नऊ घरांत ती पट्टी वाचली गेली. बंड्याचा चेहरा कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत होता; त्याने काही केलं नाही, हातसुद्धा हलवला नाही. पट्टी गेली. सावकार बोलतच होता.

मग छोटू म्हणाला, “अरे त्या मागच्या पडद्याकडे बघा, हा मी रात्री दोन वाजता रंगवलेला.” सुलू म्हणाली, “रंगवला कसला, माझी साडी होती ती.” आणि सगळे एकदम त्या साडीबद्दल बोलायला लागले.

चाळीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. भिंतीपलीकडचं भांडण शब्दन् शब्द ऐकू यायचं आणि सकाळी नळावर त्याच माणसाला ‘काय, आज उशीर?’ एवढंच विचारायचं. ऐकू न आल्याचं सोंग ही आमची सभ्यता. पुढे काय झालं ते लिहायचं कारण नाही. बंड्याने परवानगी दिली ती या पाच सेकंदांपुरतीच, आणि तीही ‘लोकांना कळू दे डेस्कटॉप शेअर करायचा नसतो’ म्हणून.

त्यानंतर थोड्याच वेळात झूमने हाकललं. फुकट खात्यात बैठक ४० मिनिटांची असते, हे आम्ही गप्पांत घालवलेल्या दहा मिनिटांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. परत लिंक काढून बसायचा उत्साह कुणालाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्तरचा फोन आला. त्याच्या घरी आणखी एक भानगड उपटली होती. वहिनींना त्या पट्टीची गोष्ट कळली आणि त्यांनी फर्मान काढलं की स्क्रीन शेअर हा प्रकार या घरात नको. त्यांच्या सोसायटीतल्या एका आजोबांचे पैसे असेच गेले होते. बँकेतून बोलतोय म्हणून फोन, मग व्हिडिओ कॉल, मग ‘ते स्क्रीन शेअरचं बटण दाबा, मी मदत करतो’.

मी वहिनींशी बोललो. त्यांचं चुकत नव्हतंच. “वहिनी, तुम्ही घाबरताय ते बरोबर आहे, फक्त कशाला घाबरायचं ते बघू,” म्हटलं. पडदा दाखवणं आणि पडद्याचा ताबा देणं या दोन गोष्टी वेगळ्या. ताबा देणारी रिमोट ॲप वेगळी असतात; त्यांच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये ऑगस्ट २०२३ पासून जे स्क्रीन शेअर आहे त्यात समोरच्याला नुसतं दिसतं. पण चोराला नुसतं दिसणं पुरतं. तो त्याच्या बाजूने व्यवहार सुरू करतो आणि ओटीपीची पट्टी तुमच्या पडद्यावर सरकायची वाट बघतो. बंड्याची लाज गेली त्याच वाटेने आजोबांचे पैसे गेले. अँड्रॉइड १५ पासून शेअर चालू असताना फोन असा मजकूर आपोआप झाकतो, पण आपल्याकडे लोकांच्या हातात फोन पाच-सहा वर्षांचे असतात. तेव्हा अनोळखी माणसाने मागितलं तर शेअर नाहीच, आणि पैसे गेलेच तर बँकेच्या शाखेत हेलपाटे घालण्याआधी १९३० ला फोन. वहिनी म्हणाल्या, “आणि बंड्याभावजींनी मागितलं तर?” बंड्या मागत नाही, बंड्या दाखवतो. तुम्ही फक्त बघायचं. हे त्यांना पटलं.

तिसरा रविवार

या सगळ्यावर विचार करताना माझ्या लक्षात आलं की सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. स्क्रीन शेअर चालू असताना समोर काय दिसतंय हे न कळणारा त्या बैठकीत एकच माणूस असतो, आणि तो यजमान. काळा पडदा, गेलेला आवाज, उड्या मारणारा छोटू, सगळं त्याच्याकडे व्यवस्थित होतं. ‘दिसतंय का रे?’ हा प्रश्न तो विचारतो आणि पाहुणे भिडेखातर ‘हो हो’ म्हणतात. लग्नात आमटी खारट झालेली आचाऱ्याला शेवटच्या पंगतीपर्यंत कुणी सांगत नाही, तशातलाच प्रकार.

म्हणून नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी भांडुपला जाऊन बसलो. बंड्याच्या कपाटात जुना फोन होता, काच तडकलेली, सिमकार्ड नसलेला. तो वायफायला जोडला, दुसऱ्या खात्याने त्याच मीटमध्ये पाहुणा म्हणून आत घेतला आणि लॅपटॉपशेजारी मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला. आता यजमानाला स्वतःची पंगत दिसायला लागली. पहिल्यांदा त्या फोनचा माइक आणि आवाज बंद करायचा राहिला, तेव्हा दोन यंत्रांनी एकमेकांचं ऐकून अशी काही किंकाळी फोडली की शेजारचे दारात आले. ते बंद केल्यावर बंड्या बराच वेळ नुसता त्या फोनकडे बघत होता. लॅपटॉपवर छोटू वळायचा, आणि सेकंदाभराने फोनमधला छोटू वळायचा.

“तुम्हाला हे असं दिसत होतं?” तो म्हणाला. “आणि तुम्ही बघत बसलात?”

बाकीचं सोपं होतं. व्हिडिओची फाइल उचलून क्रोमच्या रिकाम्या टॅबवर सोडली; तो टॅबच प्लेअर होतो. मीटमध्ये तेवढाच टॅब शेअर केला आणि त्याखालचं टॅबच्या आवाजाचं बटण चालू आहे ना ते बघितलं. आवाज आता माइकला वळसा घालून थेट जात होता, त्यामुळे झाडू मारणारा मध्ये कुणी नव्हता. फक्त टॅब जात असल्याने कोपऱ्यातली पट्टी वर सरकली तरी ती बंड्यालाच दिसणार. तरीही त्याने लॅपटॉपवर ‘नाटक’ नावाचं वेगळं यूजर खातं उघडून घेतलं. त्यात ना व्हॉट्सॲप, ना मेल. कडी घातल्यावर कुलूपही लावणारा माणूस झाला होता तो. राउटरपासून पॅसेजमधून, पायपुसण्याखालून लॅनची वायर ओढली, आणि अपलोड एकदम चौपट झाला. मीटच्या फुकट खात्यात तीन किंवा जास्त माणसं असली की बैठक तासाची. म्हणून नऊला सुरू, पावणेदहापर्यंत पहिला अंक, सगळ्यांनी बाहेर पडायचं, चहा, आणि दहाला त्याच लिंकवरून परत.

ग्रुपवर बंड्याचा निरोप आला तो इथे आहे तसा देतो, कारण पाहुण्यांसाठी याहून नेमकं मी काही लिहू शकणार नाही. “स्वतःच्या नावाने या. रेडमीला मी ओळखत नाही. फोन आडवा करून बाटलीला टेकवा, हातात धरून पाऊण तास बसवत नाही. दहा मिनिटं आधी येऊन जे काय बिघडायचं ते बिघडवून घ्या. नाटक चालू असताना माइक बंद. हसू आलं तर हसा, मला दिसेल. ऐकू नाही आलं तर ‘हॅलो हॅलो’ करून सगळ्यांना उठवू नका, हात वर करा. मी दुसऱ्या फोनवर बघतोय. वेळ रात्री ९. अमेरिका, तुझे सकाळचे ११:३०.”

शेवटची ओळ त्याने सप्टेंबरच्या निरोपातून उचलली होती. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळं तासभर मागे जातात. आपले नऊ म्हणजे त्या दिवसापासून तिकडचे साडेदहा. कॅलेंडरमधून निमंत्रण पाठवलं असतं तर ज्याला-त्याला आपापली वेळ आपोआप दिसली असती. आम्ही मेसेज पाठवला.

त्यामुळे नऊला आठच जण जमलो. क्षणभर अमेरिकेची वाट बघितली आणि पडदा उघडला. पहिला अंक सुरळीत झाला, म्हणजे नाटक जेवढं सुरळीत होतं तेवढा. पेटी होती, ढोलकी होती. मांडव होता. मास्तरच्या विनोदांना टाळ्या पडत होत्या, आणि डोंबिवलीतल्या चौकटीत तो ओठ मिटून, कॅमेऱ्याकडे न बघता, एकेका टाळीला मान हलवत होता. एका वाक्याला तर मांडवात शिट्टी वाजली. “बघ, पडेल नव्हतं,” चहाच्या वेळी तो एवढंच म्हणाला.

दहाला परत आत आलो. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मास्तरचंच स्वगत आहे. सडपातळ, भांग पाडलेला मास्तर पुढे आला, बोलायला लागला, घाबरलेला होता म्हणून पुटपुटल्यासारखा. तेवढ्यात खालच्या ओळीत एक नवी चौकट उघडली, त्यात अमेरिका, हातात कॉफीचा मग. आणि त्याच क्षणी कुणीतरी ओरडलं:

“आवाज! ए पोरांनो, आवाज!”

बंड्याने नाटक थांबवलं. दुसऱ्या फोनकडे बघितलं. एकाचाही हात वर नव्हता, सगळ्यांचे माइक बंद.

“अमेरिका, तुला ऐकू येत नाहीये का?”

“अरे मी आत्ता येतोय आत,” अमेरिका म्हणाला. “मी बोललोच नाही काही. आणि माझ्याशिवाय सुरू कसं केलंत?”

“मग कोण म्हणालं?”

कुणीच काही बोललं नाही. बंड्याने स्वतःचे स्पीकर तपासले, वायर हलवून बघितली. मग त्याने टेप दहा सेकंद मागे घेतली आणि पुन्हा चालवली. मास्तर पुढे आला, पुटपुटला, आणि मांडवाच्या मागच्या बाजूने, खुर्च्यांच्याही मागून, साचाखात्यातला आवाज आला. “आवाज! ए पोरांनो, आवाज!” पाठोपाठ खोकला. तो खोकला दुसऱ्या मजल्यावरच्या कुठल्याही पोराने झोपेतही ओळखला असता. अण्णा. मास्तरचे वडील. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली.

रंगमंचावरचा मास्तर दचकला, मान वर केली आणि मोठ्याने बोलायला लागला.

डोंबिवलीच्या चौकटीतला मास्तर काहीतरी सांगत होता. ओठ हलत होते. त्याचा माइक बंद होता, आणि तसं त्याला कुणीही सांगितलं नाही.